रेंजरीणबाईंचा फोनो

माझ्या थोरल्या जावेवर मी जळायची, हे आधीच सांगून टाकते. तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं. तिला ऐकता यायचं आणि मला येत नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. आणि गाणं शिकलेली मी होते, ती नव्हे.

माझे वडील चांद्याला पेटी शिकवायचे. चंद्रपूर तेव्हा कोणी म्हणत नसे. किल्ल्याच्या भिंतीला लागून आमचं घर होतं आणि सकाळ-संध्याकाळ तिथे सारेगम चालायचं. लग्नात वडिलांनी मला मोठी भांडी दिली नाहीत, पेटी दिली. ती बैलगाडीतून वैनगंगेपलीकडे सासरी पोचली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं, आणि दोन दिवसांत विसरूनही गेलं. घर धानाचं. सासूला पेटीचं काय कौतुक? सून बांधीत उतरून रोवणा करील की नाही, एवढंच तिला हवं होतं. गुडघाभर चिखलात वाकून धान लावणं मला जमेना, म्हणून माझ्याकडे चूल आली आणि रोवण्याला थोरली जाऊ जायची. मी तिला बाई म्हणायची. अक्षर येत नव्हतं तिला, पण जीभ तिखट. माझं गाणं ऐकून एकदा म्हणाली, आवाज गोड आहे, पण ही श्वास कधी घेते? मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

गावाबाहेर जंगलखात्याचा बंगला होता. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा तिथे नवे रेंजर आले. त्यांच्या बायकोचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. बंदराबंदरांतून तो बहिणीसाठी गाण्याच्या तबकड्या आणायचा. सिनेमाच्या नव्हेत हं, त्या-त्या देशातल्या साध्या माणसांनी गायलेल्या. प्रत्येक तबकडीच्या कागदी पाकिटावर तो स्वतःच्या हाताने लिहायचा, कुठलं गाणं, कोण गातंय, कशासाठी. ऐकायला सोबत म्हणून रेंजरीणबाईंनी गावात चौकशी केली, पेटीवाली सून कुठली? निरोप आला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

पण एकटी सून साहेबाच्या बंगल्यावर जाते म्हणजे काय, असं म्हणून सासूने बाईलाही माझ्यासोबत धाडलं. दर रविवारी दुपारी आम्ही दोघी जायचो. गड्याच्या डोक्यावर माझी पेटी, आणि बाईच्या पदरात तुरीच्या शेंगा. मी खुर्चीवर बसायची. ती पायरीवर बसून शेंगा सोलायची.

रेंजरीणबाईंची ऐकायची एक रीत होती. पाकीट मांडीवर पालथं ठेवायचं, फोनोला, म्हणजे ग्रामोफोनला, चावी द्यायची, तबकडी पूर्ण वाजू द्यायची. मग आम्ही सांगायचं, गाण्यात काय चाललंय. त्यानंतर पाकीट उलटून त्या वाचून दाखवायच्या. मी काय करायची, तर गाणं सुरू झालं की पेटीवर सूर शोधायला लागायची. सूर नेमका दोन पट्ट्यांच्या मधे पडायचा. मग मी मान हलवून निकाल द्यायची, बेसूर आहे. या देशाचं बेसूर, त्या देशाचंही बेसूर. रेंजरीणबाई बिचाऱ्या गप्प ऐकून घ्यायच्या. सगळ्या जगात एक माझे वडीलच काय ते सुरात, असा माझा तोरा होता.

एका रविवारी बायकांचं गाणं लागलं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि मधेच सगळ्यांनी एकदम थांबायचं. मी पेटीवर बोटं फिरवली आणि म्हटलं, ताल सुटतोय यांचा. तेव्हा पायरीवरून बाई पहिल्यांदा बोलली.

"ताल नाई सुटत वो. ह्या बाया वाकून गाऊन राह्यल्या. पोट दबलं का आवाज असाच निघते. अन् थांबतात ना, तवा पाय मांगं घेतात."

रेंजरीणबाईंनी पाकीट उलटलं. पूर्वेकडचं एक बेट होतं, आणि भावाने लिहिलं होतं, भातलावणी करणाऱ्या बायका. रेंजरीणबाई उठल्या आणि खुर्ची सोडून बाईजवळ पायरीवर जाऊन बसल्या. मी खुर्चीवर एकटी राहिले, पेटीचा भाता हातात धरून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढचे रविवार तर विचारूच नका. बाईला देश कळत नव्हता, भाषा कळत नव्हती, पण ती गाणाऱ्याचं अंग ऐकायची. याचे हात मोकळे आहेत की काही धरलंय? तोंड कुणाकडे आहे? जवळ लेकरू आहे का? एकदा म्हणाली, हे गडी काहीतरी जड ओढतात आणि जो सांगतो तो स्वतः ओढत नाही. पाकिटावर होतं, किनाऱ्यावर जाळं ओढणारे कोळी. सगळंच तिला यायचं असंही नाही. नाही कळलं तर सरळ म्हणायची, मले नाई समजलं, पुन्हा लावा, आणि चार-चारदा ऐकायची, सोललेल्या शेंगा विसरून. मला असं म्हणायला लाज वाटायची. रेंजरीणबाई एकदा मला हळूच म्हणाल्या, तुम्ही पेटी बंद करून ऐका बरं एखाद्या वेळी. बोलल्या प्रेमाने, पण मला ते चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

उन्हाळा लागता लागता त्यांनी सांगितलं की बदली होणार आहे, नागपूरला. तिथे वीज आहे, भावाने विजेवरचा फोनो घेऊन ठेवलाय. हा चावीचा फोनो आणि डझनभर तबकड्या त्या इथेच ठेवणार होत्या, ज्याला ऐकायची आवड आहे त्याच्याकडे. बोलताना त्यांची नजर पायरीकडे गेली. मी ती पाहिली. आयुष्यात मला काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. त्या घरात चुलीपलीकडे माझं म्हणून काय होतं?

पुढच्या, म्हणजे त्यांच्या शेवटच्या, रविवारी मी बाईला सांगितलं, फोनोची चावी तुटली आहे, आज नुसतं विणकाम शिकवणार आहेत. ती म्हणाली, मग मी येऊन काय करू? आणि शेतावर निघून गेली. बंगल्यावर भाजी नेणाऱ्या म्हातारीसोबत मी गेले. पेटीही नेली नाही. म्हटलं, आज आपणच ओळखायचं.

गाणं एका बाईचं होतं, लांबवर जाणारं, चढणारं, मधे हेलकावे. मी डोळे मिटून जावेसारखा विचार करून पाहिला. मग छातीठोकपणे सांगितलं, हळदीचं गाणं आहे, नवरीला सजवतायत. रेंजरीणबाईंनी पाकीट उलटलं. हळू आवाजात वाचलं. लेक वारल्यावर आई रडते आहे. त्यांनी तबकडी उतरवून ठेवली. मग त्यांनी विचारलं, तुमच्या जाऊबाई का नाही आल्या?

त्या क्षणी एवढी लाज वाटत होती की जे तोंडात आलं ते मी बोलले. म्हटलं, तिला हे आवडत नाही. घरी म्हणते, नुसतं रडणं-बोंबलणं आहे, दुपार वाया जाते. रेंजरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांना ते खरं वाटलं, कारण असलं खोटं कोणी बोलेल असं त्यांच्या मनातही येणार नव्हतं.

निघायच्या दिवशी सामानाची गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा त्या उतरल्या. फोनो गड्याच्या हातात होता. सासू होती, मी होते, आणि बाई शेणाने अंगण सारवत होती. रेंजरीणबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला ही गाणी म्हणजे रडणं-बोंबलणं वाटतं म्हणे. खरं आहे का?

बाईने मान वर केली. आधी फोनोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चांगलं निरखून पाहिलं.

"हो बाई," ती म्हणाली. "मले काई कळत नाई त्यातलं. हिलेच द्या."

आणि पुन्हा सारवायला लागली. फोनो माझ्या खोलीत आला. रोज दुपारी मी चावी द्यायची आणि ऐकायची. बाई तेव्हा मुद्दाम विहिरीवर जायची. मी बोलावलं नाही आणि तिने विचारलं नाही. एकटीने ऐकताना मला पूर्वीइतकंही काही ऐकू येईना, फक्त तिच्या शेंगा फुटल्याचा आवाज नाही, हे ऐकू यायचं.

रोवण्याच्या दिवसांत बायकांची शिदोरी घेऊन मी बांधीवर गेले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढले आणि टोपली डोक्यावर तशीच धरून उभी राहिले. वीस बायका ओळीने वाकून धान लावत मागे सरकत होत्या आणि बेटावरच्या बायकांचं ते गाणं गात होत्या. चाल तीच. शब्द आमच्याकडचे, नणंदेच्या नि पाटल्यांच्या काहीतरी गमतीचे. बाई ओळ टाकत होती, बाकीच्या उचलत होत्या, आणि सगळ्या एकदम थांबून पाय मागे घेत होत्या. ताल कुठेही सुटत नव्हता. ते सूर पेटीच्या कुठल्या पट्टीत बसतात असं मनात आलंसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा मला ते गाणं ऐकू आलं, आणि मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, इतकी मी जळले.

जेवताना ती माझ्या शेजारी बसली. मी खालच्या मानेने विचारलं, बाई, तुम्ही तेव्हा खोटं का बोललात?

तिने हात धुतले, भाकरी मोडली.

"तुले फोनो पायजे होता, मले गाणं. दोघीचंबी झालं ना," म्हणाली. "आता मीठ दे इकडं."

मी मीठ दिलं. बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फोनो अजून माझ्याकडे आहे, त्याची चावी नीट चालते, आणि त्या गावात रोवण्याला अजून ते गाणं म्हणतात. कुठून आलं विचारलं तर माझ्या जावेचं नाव सांगतात.