रेडिओवाल्यांच्या आडनावाची चौकशी

आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण त्या आडनावाची माणसं आयर्लंडमध्ये इतकी आहेत की त्यावरून कोणीच सापडत नाही. हे मला कळायला हवं होतं तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा ताटात पुरणपोळी होती, समोर होणारा जावई होता, आणि मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की मी तिची कोणीच नाही.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी, आमच्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये पोहे खाता खाता मुलीनं जाहीर केलं, की तिला लग्न करायचंय आणि मुलगा आयरिश आहे. दुबईतल्याच एका शाळेत गणित शिकवतो. सहा महिने ओळख आहे. एकुलती एक मुलगी, इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. नवऱ्यानं विचारलं, "चांगला आहे का?" ती म्हणाली, "ही इज नाइस, बाबा." "मग ठीक आहे," असं म्हणून हे महाशय एसीचा रिमोट शोधायला लागले. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीच्या लग्नाची चर्चा आमच्या घरात एवढी झाली. माझं डोकं तापलं ते तिथपासून.

संध्याकाळी पुण्याहून थोरल्या नणंदेचा फोन. त्यांना बातमी कोणी दिली देव जाणे. मी नव्हती दिली. पहिला प्रश्न, "आडनाव काय?" मी सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे ते रेडिओवाले का गं?" आमच्या लहानपणी अर्ध्या घरांत त्या नावाचा रेडिओ असायचा आणि जाहिरातीत ओठांवर बोट ठेवलेलं गुबगुबीत बाळ. नणंदेच्या डोळ्यांसमोर तेच बाळ. मी म्हटलं, "वन्सं, रेडिओचा काही संबंध नाही." त्या म्हणाल्या, "बरं, नसू दे. पण मूळ कुठले? चौकशी केलीस का?"

आणि इथेच मी फसले. कारण चौकशी मी केली नव्हती, आणि चौकशीशिवाय मुलगी द्यायची हे मलाही पटत नव्हतं.

माझ्या लग्नाच्या वेळी वडील गुऱ्हाळावरची काकवी घ्यायच्या निमित्तानं सासरच्या गावी जाऊन आले होते. आमच्या सासरचं आडनाव गावावरून पडलेलं, घरं मोजून पंधरा-वीस. वडील त्या आडनावाच्या तिघांना भेटले. पहिल्यानं तोंड भरून कौतुक केलं. दुसऱ्यानं बांधाचं भांडण काढलं. तिसरा म्हणाला, मुलगा सरळ आहे, पण बोलत नाही. तिसऱ्याचं खरं निघालं. आमच्याकडे आडनाव हाच पत्ता. त्या आडनावाचा माणूस गाठा, चहा घ्या, पाच मिनिटांत नातं लागतं आणि दहा मिनिटांत कुळाची सगळी अंडीपिल्ली बाहेर येतात. गेली पंचवीस वर्षं इथे राहून, सकाळसंध्याकाळ हबीबी नि इन्शाल्ला ऐकून, माझ्या डोक्यातली ही यंत्रणा जशीच्या तशी होती.

म्हणून मी आधी आडनाव वाचायला बसले. इंटरनेटवर सगळं लिहिलेलं असतं. त्या नावाचा अर्थ समुद्रावरचा लढवय्या. मूळ शब्द त्यांच्या जुन्या भाषेतला, लांबलचक, पुढे 'अमक्याचा नातू' असं लावलेला. इंग्रजांच्या अमलात पुढचा भाग गळून पडला आणि उरलेला इंग्रजी जिभेला सोसेल असा चेपला गेला. इथपर्यंत मला मजा वाटली. वन्संना फोन करून सांगितलं, लढवय्ये आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे तसे आपल्यातलेच." मी फोन ठेवला.

त्याच पानावर खाली आणखी लिहिलं होतं. की हे एक घराणं नव्हेच. देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत वेगवेगळ्या लढवय्यांचे वंशज झाले, त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही, आणि आज त्या देशात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच आहे. दक्षिणेकडच्या एका परगण्यात तर दगड मारला तर त्यालाच लागेल. हे मी वाचलं. नीट वाचलं. आणि सोडून दिलं, कारण मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं. वर चिडले, की एवढं सगळं लिहिणाऱ्यांना एक साधं मूळ गाव सांगता येत नाही.

आता योगायोग बघा. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात एक वयस्कर इंजिनिअर होते, आयरिश, आणि आडनाव तेच. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोल बघते. इमारतींची ड्रॉइंग येतात, त्यांना नंबर द्यायचे, कोणती जुनी कोणती सुधारलेली याची नोंद ठेवायची. एकाच नावाच्या दोन ड्रॉइंगची सरमिसळ होऊ नये म्हणून मला पगार मिळतो. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला कुठलंच निमित्त पुरणार नाही.

मी चहाच्या मशीनपाशी त्यांना गाठलं. माझ्या ओळखीत एका मुलीचं लग्न ठरतंय, मुलगा तुमच्याच आडनावाचा, शाळेत शिक्षक, नाव अमुक. तुमच्या नात्यातला असेल, जरा कसा आहे ते कळेल का? ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "माय डिअर लेडी, हाफ द काउंटी हॅज दॅट नेम." मला वाटलं, मोठेपणा मिरवायचा नाही म्हणून बोलतायत. आमच्याकडेही चांगल्या घरचे लोक आधी असंच झटकतात. मी चिकाटी सोडली नाही. शेवटी माणूस बिचारा भिडेला पडला. "लीव्ह इट विथ मी," म्हणाला, आणि वर "इन्शाल्ला" जोडलं.

त्या लोकांचा एक मैदानी खेळ आहे, चेंडू हातानं उडवायचा आणि पायानंही मारायचा. इथल्या आयरिश मंडळींच्या त्याच्या टीम आहेत आणि टीमचे फोनवर ग्रुप आहेत. इंजिनिअरसाहेबांनी तिथे विचारलं. आठवड्यानं माझ्या टेबलापाशी आले, आवाज खाली आणून म्हणाले, तुमच्या ओळखीच्या त्या मुलीला सावध करा. त्या नावाचा शिक्षक आहे खरा. शारजातल्या एका आयरिश शिक्षिकेशी लग्न ठरलं होतं, पत्रिका गेल्या होत्या, मुलीचे आईवडील विमानानं इथे येऊन बसले होते, आणि चार दिवस आधी यानं नकार कळवला, तोही मेसेजवर.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला विचार." जन्मात एकदा हा माणूस नेमकं बोलला आणि मी ऐकलं नाही. तिला विचारलं तर ती त्याचीच बाजू घेणार, प्रेमात पडलेल्या मुलीला काय दिसतं, असं माझं गणित. त्यातून पुढच्या रविवारी तो पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला येणार होता. समोरासमोरच विषय खलास करू, असं मी ठरवलं. आणि तरी पुरणपोळ्या केल्याच. पाहुणा तो पाहुणा.

तो आला. उंच, लालसर, उन्हानं सोललेलं नाक. बर दुबईहून आबऱ्यानं खाडी ओलांडून आपण कसे आलो ते उत्साहानं सांगत होता. होडीतून यायची काही गरज नव्हती, पण त्याला ती आवडते. वाकून नमस्कार केला, मुलीनं शिकवला असणार. दुसरी पोळी वाढताना मी विचारलं, "तुमचं आधी कुठे लग्न ठरलं होतं का?"

"नो, आंटी."

"शारजात? टीचरशी?"

मुलगी म्हणाली, "आई, व्हॉट इज धिस?" आणि मग माझा तोल गेला. पत्रिका, विमान, मेसेज, सगळं मी एका दमात बोलले. कुठून कळलं तेही बोलले. नवरा वाटीतल्या तुपाकडे बघत बसला.

मुलगा चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं फक्त विचारलं, तो कुठल्या शाळेत शिकवतो म्हणाले? किती वयाचा? मला दोन्ही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "आंटी, देअर आर फोर ऑफ अस." त्याच नावाचे, त्याच आडनावाचे चौघं जण त्या टीममध्ये. दोघं शिक्षक. एकमेकांशी नातं शून्य. लग्न मोडणारा तो दुसरा, गेल्या जूनमध्येच देश सोडून गेला.

मग त्यानं जे सांगितलं त्यानं मी कपाळावर हात मारला. त्याच्या गावात आडनावानं कोणी कोणाला ओळखतच नाही. सगळ्यांचं तेच, तर ओळखणार काय? म्हणून घराला वेगळी ओळख असते. याचे पणजोबा सायकलवरून टपाल वाटायचे, म्हणून आजही हे 'पोस्टाचे'. इथल्या टीममध्येसुद्धा याला तेच म्हणतात. तो 'पोस्टाचा' कसा आहे, एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांत खरं कळलं असतं. मग हे आधी सांगायला यांना काय झालं होतं! त्या इंजिनिअरनं सांगायचं, त्या इंटरनेटवाल्यांनी लिहायचं, मुलीनं तरी बोलायचं. मी हे तोंडानं बोललेसुद्धा, त्याच टेबलावर.

मुलीनं हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाली, "यू आस्क्ड अ मॅन इन युअर ऑफिस. मी इथे होते, आई. इन धिस हाउस. रोज. एकदा तरी मला विचारलंस? मी सगळं सांगितलं असतं. पोस्टमनचंही."

आणि मग दुसरी गोष्ट निघाली. ग्रुपमध्ये प्रश्न पडल्यावर काही लोकांनी उलटाच अर्थ लावला, की ते लग्न मोडणारा हाच. त्याच्या शाळेत त्या शारजाच्या मुलीची एक मैत्रीण शिकवते; लग्न मोडणारा मुलगा तिनं कधी पाहिला नव्हता, फक्त नाव ऐकलं होतं. ती आठ-दहा दिवस याच्याशी बोलत नव्हती आणि याला कारण कळत नव्हतं. ते आता, माझ्या घरी, माझ्या तोंडून कळलं. "आय सी," एवढंच म्हणाला. ताटातली पोळी मात्र संपवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी माफी मागितली. त्याची लगेच मागितली, त्यानंही लगेच माफ केलं. इंजिनिअरसाहेबांना सांगून त्यांच्याकडून ग्रुपवर खुलासा करवला. ती मैत्रीण पुन्हा बोलायला लागली. त्या बाजूचं सगळं एका आठवड्यात निस्तरलं, इतकं की मला वाटायला लागलं, झालं ते झालं, आता मुलीनंही सोडून द्यावं. तिनं सोडलं नाही. महिना संपायच्या आत ती मैत्रिणीबरोबर मरीनाला राहायला गेली. माझ्या चार ओळींच्या मेसेजला 'ओके' यायचं. वडिलांना फोन यायचा. आयुष्यभर न बोलणारा माणूस बेडरूमचं दार लावून तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलायचा, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. मी काय वाईट चिंतलं होतं? तिच्यासाठीच केलं ना? हे मी नवऱ्याला रोज ऐकवलं. तो म्हणायचा, "मला नको सांगू, तिला सांग." तिला सांगायला गेले की माझं वाक्य 'पण'वर यायचं आणि ती फोन ठेवायची.

लग्न अबू धाबीच्या कोर्टात झालं. आम्हाला बोलावलं, तारीख-वेळ मेसेजनं कळवून. माझी हिरवी पैठणी मी नेसले. ती पांढऱ्या साध्या ड्रेसमध्ये होती आणि केसांत गजरा होता. तो कोणी आणून दिला विचारलं तर म्हणाली, त्यानं, मीना बाजारमागच्या गल्लीतून.

नंबर यायला वेळ होता. आतल्या बाकावर आम्ही दोघीच बसलो होतो. जावई आणि तिचे बाबा कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले होते. किती महिन्यांनी तिच्या शेजारी बसले होते. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. बोलले काय, तर, "पासपोर्टवर आडनाव कोणतं ठेवणार?" पण मला ते खरंच विचारायचं होतं. आमच्या आडनावाची घरं मोजकी आणि ही एकुलती एक. त्या हजारो-लाखोंच्या आडनावात तिनं आपलं बुडवू नये, असं मनापासून वाटत होतं. इथे वाढलेली, शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. आपलंच ठेवेल अशी माझी खात्री होती.

"त्याचं," ती म्हणाली.

"अगं, पण ते तर सगळ्यांचंच आहे. त्यात तू कोण हे कळणार तरी कसं?"

"एक्झॅक्टली. नोबडी विल फाइंड मी."

"कोण शोधायला येणार आहे तुला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. "तू, आई."

गेलं वर्षभर मी सगळ्यांवर चिडत आले होते, नवऱ्यावर, नणंदेवर, त्या इंजिनिअरवर, समुद्रावरच्या लढवय्यांवर आणि त्यांच्या सगळ्या वंशजांवर. सवयीनं तोंड उघडलं, आणि चिडायला कोणी सापडेना.