टाकीतलं पाणी

काय सांगू मंडळी, माणसानं स्वतःच्याच दुकानात किती शहाणपणा करावा, याला काही सीमा असते. मी ती ओलांडली. आणि तीही बायकोसमोर!

जव्हारला माझं सोफे आणि गाद्यांचं दुकान आहे. दुकानाची शान म्हणजे हवेवर चालणारी पिन गन. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा भरायची, नळी गनला जोडायची, घोडा दाबला की टक्! कापड फळीला पक्कं. तीन वर्षं मी तिला जिवापाड जपली. दसऱ्याला हार घातला. तेलाचा मात्र एक थेंब दिला नाही. का? तर कापडाला डाग पडतील!

आणि ऐन मे महिन्यात ती रुसली. कधी? तर मोखाड्याच्या एका लग्नाचा कोच हातात असताना. नवरा-नवरीनं स्टेजवर बसायचा, लाल मखमलीचा. लग्न दुसऱ्या दिवशी. न्यायला जीप संध्याकाळी येणार. आणि दुपारी ‘टक्’च्या जागी ‘फुस्स’! पिन अर्धी आत, अर्धी बाहेर. विचार करा, मंगलाष्टकं संपून नवरदेव टेकला आणि तसाच उठला तर?

मी हवेचा जोर वाढवला. फुस्स. आणखी वाढवला. फुस्स, आणि वर तोंडावर ओले शिंतोडे. मला वाटलं, माझाच घाम!

शेवटी नाशिकच्या दुकानदाराला फोन लावला. गन त्याच्याकडूनच घेतली होती.

“काळजी करू नका,” तो म्हणाला. “पोशेऱ्याला आमच्या ओळखीचं माणूस आहे. भिवंडीच्या सोफा कारखान्यात सहा वर्षं काढलीत. हातात जादू आहे, जादू! लगेच पाठवतो.”

झालं. मी त्या जादूगाराची वाट बघत पुन्हा गनशी झटापट करू लागलो. फुस्स. फुस्स. तासाभरानं दारातून बाईचा आवाज आला.

“दादा, टाकीत पाणी हाय का?”

वळून बघितलं. तिशीतली बाई, खांद्याला पिशवी, उन्हातून आलेली. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे मे महिन्यात कुणी पाण्याचं विचारलं, तर दुसरं काय मनात येणार?

“आहे की! भरपूर आहे,” मी मोठ्या मनानं म्हणालो.

ती चपापली. “भरपूर? कवा काढलाव?”

“सकाळीच. दोन बादल्या काढल्या.”

“दोन बादल्या!” तिनं कपाळाला हात लावला. “आन तरी भरपूर हाय?”

“अहो, हजार लिटरची टाकी आहे आमची!”

ती माझ्याकडे बघते, कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरकडे बघते, परत माझ्याकडे बघते. मला वाटलं, बाई संकोचली. मी आत हाक मारली, “शैला, या बाईंना तांब्याभर पाणी दे. आणि जाताना हंडाभर दे.”

शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पाणी घेऊन आल्या. ती बाई निमूट प्यायली आणि स्टुलावर बसली. मी काय गप्प बसतोय? म्हटलं, हिला जरा माहिती देऊ.

“हे यंत्र हवेवर चालतं बरं का. नाजूक असतं. कुणी हात लावायचा नाही. पोशेऱ्याहून कारागीर यायचाय. पण या लोकांना वेळेची किंमतच नाही!”

“आसं?” ती म्हणाली. बस्स, एवढंच.

मी ताडकन फोन लावला. “अहो, कुठाय तुमचं माणूस?”

“कुठाय म्हणजे? देवकीताई तुमच्या दुकानात पोचल्याचा निरोप आलाय मला. बसल्या असतील बघा!”

मी हळूच मान वळवली. स्टुलावरची बाई हसू दाबत होती. शैला मात्र अजिबात दाबत नव्हती.

“दादा,” देवकीताई उठल्या, “मी या टाकीचा विचारत होते.” आणि त्यांनी कॉम्प्रेसरवर टिचकी मारली.

मग जे बघितलं ना, ते बघायला तिकीट लावावं! आधी त्यांनी नळी काढली. “गनमंदी हवा आसताना उघडायची नाय. बोट जाईल.” मग हवेचा जोर उतरवला, खाली वाकल्या आणि टाकीच्या पोटाखालची चावी फिरवली. ती मला तीन वर्षं नुसता बोल्ट वाटत होती! तिच्यातून बादलीत काय पडावं? चहाच्या रंगाचं गंजकं पाणी. बंदच होईना!

“हवेतला पाणी टाकीत साचतो. रोज काम झाला की काढायचा. नाय तर तोच गनमंदी जातो.”

“मी तर जोर वाढवत होतो.”

“घसा बसलेल्यानं जोरात ओरडून आवाज निघंल का, दादा?”

त्यांनी गनचं तोंड उघडलं, वाकडी पिन पकडीनं अलगद ओढली, पोटातली रबरी रिंग बोटानं चाचपली. ती वाळून चिरली होती. पिशवीतल्या छोट्या डबीतून नेमकी तशीच रिंग निघाली. शेवटी हवेच्या तोंडात तेलाचे तीन थेंब. मोजून तीन. टाकीत पुन्हा हवा भरून नळी जोडली, टाकाऊ फळीवर एक पिन मारली, कान देऊन ऐकलं, जोर किंचित वाढवला.

टक्!

पिन अशी बसली, की बोट फिरवलं तरी लागेना. अर्ध्या तासात! तीन वर्षं मी जिची पूजा केली, तिचं दुखणं या बाईला दारातूनच ऐकू आलं होतं. मी खरोखर हात जोडले.

आणि मग माझा उत्साह उतू गेला. “ताई, तुम्ही बसा, चहा घ्या. कोच मी पुरा करतो.” गन घेतली, कोचाच्या पाठीवर ओणवा झालो आणि टक् टक् टक् टक्! काय आवाज, काय वेग! शेवटची पिन मारली, ऐटीत सरळ व्हायला गेलो...

होईना.

माझ्या सदऱ्याचा पुढचा अख्खा घेर मखमलीबरोबर कोचाला ठोकला गेला होता. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

देवकीताईंनी वाकून बघितलं. “पिना झ्याक बसल्यात, दादा. आता सदरा फाडायचा, नाय तर कोच.”

मी आशेनं शैलाकडे बघितलं. ती कात्री घेऊन आलीच होती.

“कोचाला हात लावू नका ताई,” ती म्हणाली, “तो कामाचा आहे!”