लांबचा विषय म्हणून आफ्रिका

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच असाल तर निदान चहा गिळून घ्या आधी, नाकात जाईल.

आफ्रिका खंडाने माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं. मीही त्याचं केलं नव्हतं. आमचे संबंध नकाशापुरते होते आणि चांगले होते. तरी त्या खंडापायी भर मंडपात माझा जो काही पोपट झाला, तो या वयात कोणाचाही होऊ नये!

खर्डी स्टेशनला उतरून रिक्षाने आत गेलं की आमचं गाव. सगळी नोकरी कचेरीत कारकुनी करण्यात गेली, म्हणून गाव मला भाऊसाहेब म्हणतं. कारकुनाला साहेब म्हणायची ही चांगली सोय आपल्याकडे आहे, फक्त पगार करणाऱ्यांना ती माहीत नसते. तर गावात विहाराशेजारी आमचं वाचनालय आहे. म्हणजे पुस्तकं आहेत, वर पत्रा आहे आणि पत्र्याला भोकं आहेत. गेल्या पावसाळ्यात शब्दकोश भिजून असा फुगला, की तो कपाटातून काढायला सुताराला बोलवावं लागलं.

यंदा जयंतीच्या आठवड्यात वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि एक वजनदार पुढारी पक्की खोली जाहीर करायला येणार होते. आपण त्यांना नुसतं साहेब म्हणू. खोलीसाठी आम्ही किती उंबरे झिजवले, ते विचारू नका. त्यांच्या तोंडून शब्द निघाला की झालं, इथपर्यंत गाडी आली होती.

आता पुढारी कधी वेळेवर येतो का? तो येईपर्यंत लोक उठून जाऊ नयेत म्हणून माइकसमोर कोणाला तरी उभं करतात. त्याला वक्ता म्हणत नाहीत. त्याला टाइम काढणारा म्हणतात. तो मान माझ्याकडे आला.

वाचनालयाचा चिटणीस विलास, कल्याणला नोकरी करतो. तो आदल्या दिवशी घरी आला.

"भाऊसाहेब, साहेब येईस्तो तुमीच बोला. पन एक सांगतो, पाण्याचं नाव काढायचं नाय. धरण नको, पाइपलाइन नको, टँकर तर नकोच नको. गेल्या टायमाला गुरुजींनी नुसती विहिरीवर कविता म्हटली, तर साहेब चहा न पिता गेले."

खरं होतं. आमच्या तालुक्यात धरणं आहेत, पाणी मोठ्या पाइपातून शहराला जातं, पाइप आमच्या शेताच्या बांधावरून जातो, आणि एप्रिल लागला की आमच्या बायका टँकरची वाट बघत बसतात. साहेबांपुढे हा विषय म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला हात.

"मग बोलू तरी काय?" मी विचारलं.

"लांबचं बोला ना काय तरी. जेवढं लांबचं तेवढं बरं!"

मी आज्ञाधारक माणूस. नकाशा काढला. दक्षिण अमेरिका जास्त लांब होती, पण तिच्यावरचं पुस्तक भिजलेलं. म्हणून आफ्रिका. विषय ठरवला, 'आफ्रिका खंडाची नैसर्गिक साधनसंपत्ती व आर्थिक भूगोल'. ऐकूनच विलास खूश झाला. म्हणाला, "एक नंबर! ह्यात कोणाला काय झाट... काय समजनार नाय!"

कार्यक्रमाच्या दिवशी मी बोलायला उभा राहिलो तेव्हा मंडपात वाचनालयाचे मोजके सभासद आणि एक कुत्रं होतं. विषयाचं नाव सांगितलं, वाळवंटं सांगितली, विषुववृत्त ओलांडलं. तेवढ्यात पाड्यावरच्या बायका आल्या. टँकर आला नव्हता. हंडे रांगेत ठेवून त्या सावलीला येऊन बसल्या. पुढच्या रांगेत चंद्राबाई. हिचा आवाज असा, की माइक मला लागतो, हिला नाही.

आता लक्षात घ्या, विषयाचं नाव ह्यांनी ऐकलंच नव्हतं!

मी काँगो नदीवर आलो होतो. "एवढी अफाट नदी! एवढं पाणी! तरी त्याच मुलखातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालतात."

टाळ्या!

कारकुनाच्या आयुष्यात टाळ्या एकदाच वाजतात, निरोप समारंभाला. त्याही मोकळं झाल्याच्या. मी जरा ताठ झालो.

"त्या नदीवर वीज तयार होते. विजेच्या तारा गावांवरून जातात थेट खाणींकडे. आणि खाली गावात अंधार!"

"आमच्या बांधावरून पाइप जातो तसाच!" चंद्राबाई ओरडली. "खरं बोल्लाव भाऊसाहेब!"

मला घाम फुटला. "बाई, मी आफ्रिकेबद्दल बोलतोय."

चंद्राबाईने शेजारणीला कोपर मारलं. "हो हो, समजला आमाला! नाव नका घेव तुमी. आफ्रिकाच म्हना!"

मंडपात हसू पिकलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. भाऊसाहेब हुशार आहेत, आडून बोलतायत! मी घाईघाईने पाणी सोडलं आणि कोरड्या विषयाकडे वळलो, रेल्वेकडे. रेल्वेत कसला धोका?

"परक्यांनी तिथे रूळ टाकले ते खाणीपासून बंदरापर्यंत. माल न्यायला. मधल्या गावांसाठी नव्हेत!"

"आमच्या इथं पन मेल थांबत नाय!" मागून कोणीतरी.

"अहो, आफ्रिकेत!"

"तेच तेच! आफ्रिकेत थांबत नाय!"

मी तेलावर गेलो. तेल परदेशी जातं आणि तिथल्याच लोकांना पेट्रोलसाठी रांग. टाळ्या. कोकोवर गेलो. पिकवणाऱ्याच्या पोराला चॉकलेट परवडत नाही. शिट्ट्या! जमीन चांगली, जंगल चांगलं, आणि माणसं गाव सोडून मजुरीला. इथे एक म्हातारा रडायलाच लागला. मी तिसऱ्यांदा ओरडलो, "मंडळी, हा आफ्रिका खंड आहे! खंड!" तर मंडपाने ते घोषणेसारखं उचललं. एका बाजूने "आफ्रिका!", दुसऱ्या बाजूने "खंड!"

सांगा, काय करायचं अशा लोकांचं?

विलास कोपऱ्यातून गळ्यावरून हात फिरवत होता. मला वाटलं, आवाज पोचत नाही म्हणतोय. मी आवाज चढवला.

"आणि तिथले पुढारी! राजधानीत बसून सह्या करतात. वर्षातून एकदा काळ्या काचांच्या गाडीतून गावात येतात. हार घालून घेतात, आश्वासन देतात आणि धूळ उडवत जातात!"

टाळ्या नाहीत. सबंध मंडप मागे वळून बघत होता. मीही बघितलं. काळ्या काचांची गाडी. दारात साहेब. गळ्यात नुकताच पडलेला हार.

साहेब हळूहळू स्टेजवर आले. हसत होते. साहेब चिडले तर माणूस वाचतो, हसले तर नाही, हे तालुक्यात पोराटोरांना माहीत आहे.

माइक हातात घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, फार सुंदर वर्णन. हे नक्की कुठलं?"

आणि माइक माझ्या तोंडापुढे धरला.

"बोला भाऊसाहेब!" चंद्राबाई उभी राहिली. "घाबरू नका, आमी हाव ना!"

माझ्या डोळ्यांपुढे ती पक्की खोली. पांढरा रंग, खिडक्या, कोरडा शब्दकोश. साहेब रागावले तर खोली गेली. आणि मी खोटं तरी कुठे बोलणार होतो?

"आफ्रिकेचं, साहेब."

"नक्की?"

"शंभर टक्के! पुस्तक दाखवतो."

"म्हणजे इकडचं काही नाही?"

"छे छे! इकडचा काडीचा संबंध नाही!" हे वाक्य मी माइकमध्ये बोललो. लाउडस्पीकर ओढ्यापलीकडे पाड्यापर्यंत लावलेले होते.

"ऐकलंत मंडळी?" साहेब लोकांकडे वळले. "मी जिथे जातो तिथे लोकांचं आपलं पाणी नाही, रस्ता नाही. आणि हे गाव बघा! स्वतःची काही तक्रार नाही, निवांत बसून आफ्रिकेची काळजी करतंय! इतक्या सुखी गावाला खोली देऊन मी काय भर घालणार? ती आपण मुरबाडकडच्या एखाद्या गरजू गावाला देऊ. भाऊसाहेबांचा मी आभारी आहे, त्यांनी माझे डोळे उघडले."

आणि मला शाल घातली. एप्रिलात!

माझं भाषण आफ्रिकेवर होतं, हे त्या अख्ख्या मंडपात कबूल करणारा एकच माणूस निघाला, आणि तोही हा!

गाडी धूळ उडवत गेली. विलास माझ्याशेजारी खुर्चीत बसला.

"तूच म्हणालास ना, लांबचं बोला?" मी म्हटलं.

"लांबचं म्हटलं भाऊसाहेब. एवढं जवळचं लांबचं कुठून शोधून काढलं?"

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. बायका पदर खोचून धावल्या. चंद्राबाई तेवढी माझ्यापुढे थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग परवडला असता.

"भाऊसाहेब, तो सगला खरंच आफ्रिकेचा होता?"

"अहो बाई, तीन वेळा बोंबलून सांगितलं!"

"आमाला वाटला, तुमच्यात दम हाय." तिने मला शालीसकट वरून खाली बघितलं. "मंग आमच्या टाल्या आमी परत घेतल्या. तुमी त्या काँगोतल्या बायांकडून घ्या!"