पाणी पडतंय का?

बोटीच्या तळाला शिंपले चिकटतात, तसे आमच्या वर्कशॉपला किस्से चिकटलेत. खरवडावेत, तर पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तेवढेच! थंड देशांत बोटी हिवाळ्यात झोपतात, आमच्याकडे उन्हाळ्यात. जागं करताना धास्ती एकच. समुद्राचं पाणी इंजिनात फिरून मागच्या पाइपातून पडतंय का? पडलं तर जिवात जीव, नाहीतर इंजिन खलास.

*

ह्यांचं बोटी दुरुस्तीचं वर्कशॉप इकडे आखातात, रास अल खोरला. डबा पोचवता पोचवता, डिक्शनरी घेऊन मॅन्युअल्स वाचत मी शिकले. पहिलं इंजिन चालू केलं, ते पाण्याचा होज न जोडताच! जळक्या रबराचा वास सुटला, मेकॅनिक युसुफ ओरडत धावला. मी झटकन इंजिन बंद केलं. वर म्हटलं, "तू जागा आहेस का, बघत होते."

युसुफ म्हणतो, वीस वर्षं झाली, अम्मांच्या, म्हणजे माझ्या, तोंडून 'चुकलं' ऐकायचं राहिलंय.

*

एकदा कुंभारमाशीनं होजमध्ये मातीचं घर बांधलं होतं. पाणी येईना म्हणून युसुफनं फुंकर मारली, तर माती फुटून माशी थेट ह्यांच्या नाकावर. ह्यांनी ट्रेलरवरून उडी ठोकली. वय वर्षं बासष्ट!

*

ज्यानं पंप जोडला, त्यानंच पहिल्या फेरीला बोटीत बसायचं, हा नियम माझाच. मला पोहता येत नाही, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. कुर्त्याखाली लाइफ जॅकेट घालते. नातीनं पाहिलं आणि म्हणाली, "आजी, यू लुक लाइक अ सोफा."

*

यंदा अबुधाबीच्या एका गिऱ्हाइकाची बोट आली. पंपातल्या रबरी चक्राला सहा पाती असतात, निघाली पाच. तो म्हणे, पाच काय, सहा काय, यल्ला, चला लवकर. मी त्याला झापलं. तुटकं पातं पुढं सरकून पाण्याची वाट अडवतं. शोधलं, तर अर्धंच सापडलं. पण मघाशी एवढी गरजले होते ना! सांगून टाकलं, सापडलं. नवं चक्र मीच बसवलं.

पहिल्या फेरीला तो बायको आणि दोन मुलांना घेऊन आला. नियमाप्रमाणे मी बसले, सोबत युसुफही. किनारा लांब गेला आणि तापमानाची सुई चढायला लागली. पाइपातली धार बारीक झाली. मुलं हसत होती. तो वेग वाढवणार, एवढ्यात मी त्याचा हात धरला.

"इंजिन बंद करा. पातं अर्धंच सापडलं होतं. चुकलं माझं."

त्यानं इंजिन बंद केलं, आणि समोरून भलंमोठं मालवाहू जहाज येत होतं. युसुफनं शांतपणे खिशातून रुमाल काढून उलगडला. आत उरलेलं अर्धं पातं.

"मुझे उसी दिन मिला था, अम्मा. आप पूछेंगी, इसलिए रुका था."

मी त्याला काही बोलणार, तोच गिऱ्हाइकानं दोन्ही मुलांना जवळ ओढलं.

"मॅडम, टुकडा इधर है, तो इंजिन गरम क्यों हुआ?"

जहाज जवळ येत होतं, आणि नवं चक्र तर मीच बसवलेलं; दुसऱ्यांदा 'चुकलं' म्हणायची पाळी माझीच.