पिवळट की हिरवट

पास्कूकाका रंगाबद्दल कधीही लगेच मत देत नसत. वसईजवळ गास गावात आमचं घर बांधून झालं, तेव्हा रंगाला आलेल्या काकांनी पहिल्या दिवशी डबाच उघडला नाही. भिंतीवर नुसता तळवा ठेवून ते घरभर फिरले. मूळचे पाचूबंदरचे, तरुणपणी होड्या रंगवल्या, मग घरं.

आईला भिंतींना हिरवट पांढरा हवा होता, बाबांना पिवळट. काकांनी आत आणि बाहेर दोन्ही रंगांचे हातभर पट्टे मारले आणि चार दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ येऊन बघत बसले. आम्ही कंटाळलो की म्हणायचे, "घाई मानसाला असते, भिंतीला नसते."

चौथ्या दिवशी मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, यातला पिवळा कुठला? मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी बोटाने दाखवला. काका पायरीवर बसले, मग स्वतःच आईला हाक मारून म्हणाले, "बाय, मला दोनी सारकेच दिसतात. तुमी दुसरा मानूस बगा."

आईने दुसरा माणूस बघितला नाही. बाबा त्यांना वसईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दीड महिना आमचं घर पट्ट्यापट्ट्यांचं राहिलं, येणारे-जाणारे हसायचे.

एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काका आले ते कुतूहलाने नुसते भरून. एक डोळा झाकून बघत, मग दुसरा. नव्या डोळ्याला आईची पांढरी साडी निळसर दिसत होती, जुन्याला हळदीची. मग त्यांना वेगळीच शंका आली: गेल्या काही वर्षांत आपण काय काय रंगवून ठेवलंय? सायकल काढून ते एकेक घर बघत हिंडले.

परत आल्यावर त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराच्या दर्शनी भिंतीला त्यांनी जुन्या रंगाशी जुळवून ठिगळ मारलं होतं. ते लांबूनही वेगळं दिसत होतं. बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुन्हा रंगवून देतो म्हटलं, तर आता सवय झाली म्हणाल्या. "दोन वरसं ती काय बोलली नाय," काका म्हणाले, "आनि मी लोकांना तीच भिंत दाकवायचो, बगा माजं काम."

दुसरा डोळा झाल्यावर त्यांनी आमचं घर रंगवलं. आत पिवळट, बाहेर हिरवट, असं अखेर ठरलं होतं. रंगाचे दोन हात मारून झाले, पण काका ब्रश धुवेनात. आईसमोर उभे राहिले. "खरं सांगा. मला राग नाय येत."

आई घुटमळली. मग म्हणाली, बाहेरचा दाराजवळ जरा फिका वाटतो.

काकांचा चेहरा उजळला. झाकण लावलेला डबा त्यांनी पुन्हा उघडला.

त्यांना जाऊन आता वर्ष झालं. दाराजवळच्या भिंतीवर त्यांचा तिसरा हात अजून आहे.