टपावर तंबू चढवताना

माझा नवरा मालवाहू जहाजावर असतो. मागच्या सुट्टीत त्याने एक जुनी जीप घेतली आणि तिच्या टपावर बसवायचा घडीचा तंबू मागवला. किनाऱ्याकिनाऱ्याने भटकायचं, रात्री जिथे असू तिथे तंबू उघडून टपावरच झोपायचं, असा आमचा बेत होता. तंबू आला त्याच आठवड्यात त्याला लवकर रुजू होण्याचा निरोप आला. तो गेला आणि तंबू खोक्यासकट शेडमध्ये राहिला.

घरात मी आणि सासरे. मुलगी कॉलेजसाठी पुण्याला. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य होडीवर गेलं. तांडेल होते, म्हणजे होडी आणि होडीवरची माणसं त्यांच्या हुकमात. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा पाय ओढत चालतात आणि डाव्या हाताची मूठ वळत नाही. एकदा न्हाणीघरात पडले, तेव्हापासून त्यांना घरी एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. ठरवलं सगळ्यांनी मिळून, राहायचं मात्र माझ्याकडे आलं. मी शिकवणी घ्यायला जायचे ते सोडलं. बाजारात गेले तरी लक्ष घड्याळाकडे. रत्नागिरीत समुद्र कुठूनही दिसतो म्हणतात. मला दिसायचा तो मच्छी घेऊन परतताना, रिक्षातून, वळणावर.

दिवाळीनंतर एक दिवस शेड झाडताना मी ते खोकं उघडलं. तंबू एकट्याने उचलण्यासारखा नव्हता, एका थोराड माणसाएवढं वजन. पण तो ज्यांच्यावर बसतो ते क्रॉसबार हलके होते. टपाच्या दोन्ही बाजूंना पावसाचं पाणी जायला पन्हळ असते, तिला पकडणारे चार पाय आणि त्यांवर आडव्या टाकायच्या दोन दांड्या. मी ते व्हिडिओ बघून बसवले. दांड्यांमधलं अंतर दोनदा मोजलं, ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, बोल्ट आवळले आणि दांडीला धरून लोंबकळून पाहिलं. गाडी हलली, दांडी हलली नाही. कितीतरी महिन्यांनी काहीतरी माझ्या मनासारखं पुरं झालं होतं.

बाबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "आता तंबू कोण चढवणार?"

"बघू. गॅरेजवाल्याला बोलावते."

"कशाला? कप्पी हाय ना."

होडीवरची जुनी दुहेरी कप्पी आणि नायलॉनचा दोर त्यांनी माळ्यावरून काढायला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी शिडीवर चढून शेडच्या आडव्या लोखंडी पाइपाला कप्पी बांधली. तंबूच्या दोन्ही टोकांना दोराचे फास घातले. मी दोर ओढायचे, आणि सुटलेला दोर बाबा शेडच्या खांबाला वेढा घालून उजव्या हाताने धरायचे. असं करत तंबू टपाच्याही वर गेला आणि लोंबकळत राहिला. मी गाडी मागे घेऊन बरोबर त्याच्या खाली आणली. बाबांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत न पाहिलेलं काहीतरी होतं. ते हुकूम सोडत होते.

मी जीपच्या फूटबोर्डवर उभी राहिले. तंबूच्या तळाला ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या असतात. त्यांच्या खाचेत सरकवलेले बोल्ट क्रॉसबारच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरायला हवेत, म्हणजे खालून पट्टी लावून नट आवळता येतात. डाव्या हाताने मी एक बोल्ट जागेवर धरला.

"सोडा हळूहळू," मी म्हटलं.

तंबू खाली आला. आणखी थोडा. मग माझ्या बाजूचा फास सरकला आणि कोपरा एकदम खाली बसला, माझ्या बोटांवर.

मी ओरडले. बाबांनी दोर तिथल्या तिथे आवळून धरला, म्हणून सगळं वजन आलं नाही. पण मधली दोन बोटं तंबूच्या तळाची पट्टी आणि क्रॉसबार यांच्यात चेपली होती. उजव्या हाताने तंबू उचलून पाहिला, हलला नाही.

"वर घ्या, बाबा."

त्यांनी जोर लावला. दोर खांबावर करकरला, तंबू जरासा हलला आणि पुन्हा बसला. या वेळी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"नको, नको. ओढू नका. बांधून टाका तिथेच आणि कुणालातरी हाक मारा."

दोर तसाच ताणलेला राहिला. मान वळवून बघितलं तेव्हा कळलं. ताणलेला दोर बांधायला दोन हात लागतात. त्यांचा उजवा हात दोरात होता आणि डावा हात ते खांबापाशी नेत होते, बोटं दोरावर ठेवत होते, आणि ती घसरत होती. पुन्हा ठेवत होते. जन्मभर काळोखात, वाऱ्यात गाठी मारलेला माणूस.

"नाय होत," ते शेवटी म्हणाले.

म्हणजे त्यांनी दोर सोडला असता तर माझी बोटं गेली असती, आणि बाबांच्या हातातला दोर बांधायला मला खाली उतरता येत नव्हतं. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, बाबा स्वतःचा फोन ठेवत नाहीत. शेजारचं घर मुंबईकरांचं, बंद. त्यापलीकडे आंब्याची बाग. आम्ही दोघांनी हाका मारल्या. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्यात गाणी लागली होती. एक कुत्रा गेटपाशी येऊन भुंकला आणि निघून गेला.

मग आम्ही हाका मारणं सोडलं. फूटबोर्ड अरुंद, मी वजन या पायावरून त्या पायावर घेत होते. बाबांनी खांबाला पाठ टेकली होती. त्यांचा डावा पाय हळूहळू पुढे सरकत होता, ते तो पुन्हा मागे ओढत होते.

"कुठं जायचं होतं तंबू घेऊन?" त्यांनी विचारलं. मला बोलतं ठेवायला असेल.

"ठरवलं नाही."

"एकटीच?"

दुसऱ्या कुठल्या वेळी मी काहीतरी गोड उत्तर दिलं असतं. बोटं ठणकत होती. "हो, एकटीच."

"आणि मला कुठं ठेवणार होतीस?"

"ताईंना बोलावणार होते खेडहून." ताई म्हणजे माझी नणंद.

"ती येते नि मला घास भरवते. मला जेवता येतं."

"माहीत आहे मला."

"तुला वाटतं, तूच अडकलीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दम लागला होता. "सकाळी डोळे उघडले की तू दारात उभी. पडलो का मेलो बघायला. न्हाणीघरात गेलो की बाहेर तुझ्या बांगड्या वाजतात. मी काय बोललो कधी?"

नव्हते बोलले. मीही नव्हते बोलले. एवढी वर्षं एका घरात राहून आम्ही औषधं, मासे आणि हवा यांपलीकडे गेलो नव्हतो.

त्यांचा हात थरथरताना मला दोरातून, तंबूतून, बोटांत कळत होता. माझी आता खात्रीच झाली की ते पडणार. टपाकडे पाहिलं. ॲलन की वरच होती, दांडीच्या पायाशी. उजवा हात ताणला तर पोचत होता. तंबू वर जात नव्हता, पण खालची दांडी तर मीच आवळली होती.

"बाबा, मी क्रॉसबार सैल करते. माझ्या बाजूचा पाय सुटला की दांडी खाली जाईल आणि हात निघेल."

"आणि तंबू टपावर आपटेल. पत्रा जाईल गाडीचा. पोरगा माझा एवढ्या हौसेनं गाडी..."

"जाऊ दे."

"तुझ्या अंगावर घसरला तर?"

"तुम्ही धरलाय ना."

त्यांनी पाठ खांबाला घट्ट रोवली. मग दोराचा आणखी एक वळसा त्यांनी मनगटाभोवती घेतला. "कर."

मी किती घट्ट आवळलं होतं ते तेव्हा कळलं. पहिला बोल्ट हलेचना. ॲलन की दोनदा निसटली. मग तो फिरला, त्यानंतर दुसरा. दांडीचा पाय पन्हळीतून सुटला, धाडकन आवाज झाला, आणि मी खाली पाठीवर पडले. हात माझ्याबरोबर होता. तंबूचा कोपरा टपात रुतून बसला होता, घसरला नव्हता.

बाबा अजून दोर धरून होते. "सोडा आता," मी म्हटलं. त्यांना मूठ उघडता येईना. मी जवळ जाऊन एकेक बोट सोडवलं. तळव्याची साल गेली होती. मग ते खांबाला पाठ घासत खाली बसले आणि मीही शेजारी बसले. कुणाला आधी बघायचं ते आम्हाला कळत नव्हतं.

दवाखान्यात रिक्षाने दोघेही गेलो. त्यांना घरी एकटं ठेवायचं नव्हतंच. माझ्या मधल्या बोटाला प्लास्टर घातलं आणि त्यांच्या तळव्याला पट्टी. डॉक्टरांनी विचारलं, "दोघांना एकदम काय झालं?" बाबा म्हणाले, "गाडीला तंबू बांधत होतो." डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारायला वळले.

प्लास्टर निघाल्यावर गॅरेजमधली माणसं आली आणि चहा गार व्हायच्या आत त्यांनी तंबू बसवून दिला. नणंद खेडहून राहायला आली. मी दापोलीच्या बाजूला, समुद्रावरच्या एका सड्यावर, उघड्या पठारावर, गाडी नेली. कातळ, सुकलेलं गवत, खाली पाणी. तंबू उघडला, शिडी लावली, वर जाऊन बसले. इतकी मोकळी जागा, आणि मी कान देऊन बसलेली. न्हाणीघराच्या दाराचा आवाज ऐकायची मला सवय झाली होती, आणि तिथे दार नव्हतं. सूर्य बुडायच्या आधीच मी घरी फोन केला.

नणंदेने फोन बाबांना दिला.

"जेवलात?" मी विचारलं.

"जेवलो. माझ्या हाताने. तू कशाला फोन केलास?"

"असाच."

"वारा कुठून हाय?"

मी बघितलं. "समुद्राकडून."

"मग तंबूचं तोंड फिरव आणि झोप. उद्या संध्याकाळपर्यंत येऊ नको. आलीस तर मी दार उघडायचा नाय."

मी खाली उतरले, शिडी वर घेतली आणि गाडी सुरू करून तोंड फिरवलं. झोप काही लवकर लागली नाही. सकाळी जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं. निघावंसं वाटत होतं, तरी मी संध्याकाळपर्यंत थांबले, कारण बाबांनी तसं बजावलं होतं.