फिडेल्मा टूहिगने शब्द पाळला

कॉर्क शहराच्या आमच्या उत्तर भागाला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या: चढ आणि फिडेल्मा टूहिग. चढाने गरिबांचे गुडघे जातात आणि फिडेल्मामुळे मोठ्या लोकांची झोप. सकाळी ती शाळेसमोर 'थांबा' लिहिलेली पाटी धरून गाड्या अडवते आणि पोरांना रस्ता ओलांडून देते. शनिवारी माझ्या पबमध्ये गिटार घेऊन बसते आणि त्याच गाड्यांतल्या लोकांची खबर घेते.

गाणी तिची स्वतःची. चंद्र, समुद्र, विरह यांतलं काही नाही. इस्पितळाच्या बोळात स्ट्रेचरवर ताटकळलेल्या म्हाताऱ्यावर एक आहे, चर्चच्या नव्या छपरावर एक. एकदा रेडिओवाल्यांनी बोलावलं आणि म्हणाले, काहीतरी प्रसन्न गा. तिने त्यांच्याच मालकावर गायलं, अगदी प्रसन्न चेहऱ्याने. पुन्हा बोलावणं आलं नाही. कामात असतील बिचारे.

सगळ्यात गाजलं ते 'काळी भिंत', पालिकेच्या फ्लॅट्समधल्या बुरशीवरचं. तिथे एक इंजिनिअर आला होता. भाडेकरू घरात श्वास घेतात म्हणून भिंतींना ओल येते, असं त्याने निदान केलं आणि भर जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या. श्वास घेणं बंद करा म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. आमचा नगरसेवक कॉर्मॅक ड्रिनन याने त्याची री ओढली, म्हणून गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात ड्रिननचं नाव आलं.

मग त्याच फ्लॅट्समधली म्हातारी मे हॅनफिन गेली. त्या भिंतींच्या आत वर्षानुवर्षं खोकत होती, मार्चमध्ये सुटली. दफन झाल्यावर सगळे माझ्याकडे सूप आणि हॅम सँडविच खायला आले. ड्रिनन आलाच. हा माणूस पालिकेच्या सभेला दांडी मारेल, मयताला कधी नाही. मतदार एका जागी आणि मऊ झालेले आणखी कुठे सापडणार?

मेची लेक ओर्ला फिडेल्माला काउंटरपाशी घेऊन आली. मी ग्लास पुसत होते, म्हणजे ऐकत होते.

"फिड, आज ते गाणं नको गं," ओर्ला म्हणाली. "कोरड्या घरासाठी पालिकेच्या यादीत माझा नंबर वर सरकलाय. ड्रिनन म्हणतो, पुढच्या महिन्यात काम करून देतो."

"तुझ्या आईचीच भिंत आहे ती."

"आई गेली. माझ्या नीवची छाती बघतेस ना तू? सात वर्षांची पोर, रात्रभर बसून असते."

बिशपसमोरही जिचं तोंड बंद झालं नाही, त्या फिडेल्माने मान खाली घातली. "नाही गाणार. दिला शब्द."

आमच्याकडे मयतानंतर गाणी होतात, आणि रीत अशी, की जो गातो तोच पुढच्याचं नाव घेतो, आणि नाव आलं की नाही म्हणायचं नाही. गाणं सुरू असताना कुणी बोलायचं नाही, अडवायचं नाही. दोन पेले पोटात गेल्यावर माणसं देवाला विसरतात, ही रीत विसरत नाहीत.

मेच्या भावाने एक गायलं आणि फिडेल्माचं नाव घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काळी भिंत होऊ दे." फिडेल्माने ओर्लाकडे पाहिलं आणि सफरचंदाच्या बागेचं एक जुनं गोग्गोड गाणं गायलं. मला लाज वाटली, तिची नाही, आम्हा सगळ्यांची. सर्वांत जोरात टाळ्या ड्रिननने वाजवल्या.

"बघा," तो म्हणाला, "मनात आणलं तर किती गोड गाते ही."

"आता तू गा, कॉर्मॅक," फिडेल्मा म्हणाली.

मतांसाठी माणूस काय करत नाही. ड्रिननने छाती फुगवून उबदार चुलीचं आणि आजीच्या कौलारू घराचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात नीवला उबळ आली. ओर्ला तिला पोटाशी धरून पाठ चोळत राहिली, पण खोकला थांबेना. ड्रिननही थांबेना, आणि रीतीमुळे कुणी अडवेना. चूल उबदार होत गेली आणि पोर निळी पडत गेली. शेवटी तिने दम्याच्या पंपाची वाफ ओढली, तेव्हा कुठे तिच्या गालांवर रंग आला.

गाणं संपलं. आता नाव घ्यायची पाळी ड्रिननची. फिडेल्माच्या टोळीतलं कुणी नको, म्हणून त्याने मयताच्या घरातलं, आपल्या उपकाराखालचं माणूस निवडलं.

"ओर्ला," तो मायेने म्हणाला, "आईसाठी एक होऊ दे."

ओर्लाने नीवला माझ्याकडे दिलं आणि उभी राहिली. ती कधी गात नाही, आवाजही यथातथाच. तिने 'काळी भिंत' सुरू केलं.

ड्रिननच्या हातातलं सँडविच तसंच हवेत राहिलं. तिसऱ्या कडव्यात, नावापाशी, ओर्ला अडखळली. तिने फिडेल्माकडे पाहिलं. फिडेल्मा ओठ घट्ट मिटून बसली होती, डोळे भरलेले. तिने शब्द दिला होता.

"सांग ना गं पुढचं," ओर्ला म्हणाली. "शब्द मीच मागितला होता, मीच सोडवतेय."

"घर जाईल, ओर्ला."

"माहीत आहे मला."

मग फिडेल्माने ते नाव हळूच सांगितलं, आणि ओर्लाने ड्रिननच्या डोळ्याला डोळा भिडवून ते आडनावासकट गायलं.